माहिती तंत्रज्ञान (आयटी) कायद्यातल्या कलम ६६-अ चा तो मेसेज चुकीचा आहे

‘आक्षेपार्ह पोस्ट टाकली तर कलम ६६-अ खाली ३ वर्षं कैद, ॲडमिनही आत’ हा मेसेज परवा मीच सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. वकीलकाकांनी टोकलं, मग निकाल काढून वाचला. फेसबुक पोस्टवरून झालेल्या पालघरच्या दोन मुलींच्या अटकेनंतर गाजलेलं हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ लाच रद्द केलंय. सदस्याच्या पोस्टबद्दल, निव्वळ ॲडमिन आहे म्हणून कुणी दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय. संगनमत असेल तर गोष्ट वेगळी.

म्हणून काहीही लिहा असं नव्हे हं. घटनेच्या कलम १९(२) मधल्या, अभिव्यक्ती स्वातंत्र्यावरच्या मर्यादा आहेतच: बदनामी, न्यायालयाचा अवमान, गुन्ह्याला चिथावणी वगैरे.

माझा मेसेज पुढे पाठवला असेल, तर तिथे हा खुलासाही टाका. जुना आता थांबवा.