अडलेल्या प्रत्येक शब्दाला डिक्शनरी उघडू नका

गेल्या महिन्यात भाचीने एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली विचारलं, “मामा, असं करू का?” तिची दहावी मराठी माध्यमातून झाली, आता कॉलेजात सगळं इंग्रजीतून. मेसेज तुमच्यापैकीही अनेकांकडे आला असेल. इंग्रजी सुधारायचंय? एक कादंबरी घ्या, जितकी अवघड तितकी चांगली. अडलेला प्रत्येक शब्द तिथल्या तिथे डिक्शनरीत बघा. वहीत मराठी अर्थासकट उतरवा. रोज वीस पाठ करा, वर्षात सात हजार शब्द तुमचे. मराठी अनुवादाला मात्र हात लावू नका.

सल्ल्यात कष्ट आहेत, म्हणून तो खरा वाटतो. पण याच सल्ल्यापायी चांगली वाचणारी मुलं चाळिसाव्या पानावर पुस्तक मिटतात आणि इंग्रजी आपल्याला जमणारच नाही असं मनाशी धरून बसतात. ते बघवत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ‘जितकी अवघड तितकी चांगली’. कादंबरीच्या एका पानावर साधारण तीनशे शब्द असतात. त्यातले शंभरात दहा अडले, तर पानामागे तीस. दोनशे पानांत सहा हजार थांबे. एकेकाला एक मिनिट धरलं तरी शंभर तास नुसते डिक्शनरीत गेले. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी यावर आयुष्यभर काम केलं. त्यांचा हिशेब असा, की कुणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट कळायला शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे हवेत. म्हणजे पानावर अनोळखी शब्द फार तर सहा. मूळ इंग्रजी कादंबऱ्यांत तेवढी ओळख असायची, तर आठ-नऊ हजार शब्दकुळं माहीत हवीत. चालणे, चालला, चालता हे सगळं मिळून एक कूळ. ज्याच्याकडे दोन-तीन हजार आहेत, त्याने सोप्या केलेल्या पुस्तकांपासून सुरुवात करावी. ऑक्सफर्डच्या बुकवर्म्स मालिकेत पहिल्या पायरीला ४०० मूळ शब्द असतात आणि सहाव्या पायरीला २,५००. यात कमीपणा कसला?

आता डिक्शनरी. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

हेमिंग्वेची ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ घ्या. १९५२ची, छोटीशी, बऱ्याच जणांची पहिली इंग्रजी कादंबरी. पहिल्याच वाक्यात म्हातारा ‘स्किफ’मधून एकटा मासेमारी करतो. समुद्र, मासेमारी, एकटा माणूस. स्किफ म्हणजे लहान होडी हे सांगायला कुणी लागत नाही. शिवाय पुढे तो शब्द इतक्यांदा येतो की विसरायची सोयच उरत नाही. पुढे तो प्रचंड मासा मारून होडीच्या कडेला बांधतो, त्या वाक्यात चार शब्द आहेत: फास्ट, बाउ, स्टर्न आणि थ्वॉर्ट. डिक्शनरी उघडा. फास्टला आधी भेटतो ‘वेगवान’, बाउला ‘वाकून नमस्कार’ किंवा धनुष्य, स्टर्नला ‘कठोर’, थ्वॉर्टला ‘बेत हाणून पाडणे’. चारही अर्थ खरे, चारही इथे चुकीचे. म्हातारा मासा घट्ट बांधतोय: होडीच्या पुढच्या टोकाला, मागच्या टोकाला आणि मधल्या आडव्या फळीला. डोळ्यांसमोर होडी असलेला वाचक, फळी हा शब्द जरी सुचला नाही, तरी मधे कुठेतरी बांधला एवढं समजून पुढे जातो. डिक्शनरीवाला मात्र ‘कठोर’ला मासा कसा बांधायचा या विचारात तिथेच अडकतो.

मराठीत आपण हेच करत आलो आहोत. नागपूरच्या वाचकाला कोकणातल्या गोष्टीत ‘खळं’ भेटतं. त्याच्या लेखी खळं म्हणजे मळणीची जागा. पण इथे खळ्यात पाहुणे येऊन बसतात, तुळशीला पाणी घातलं जातं. चार पानांत त्याला कळतं, हे घरापुढचं अंगण आहे. कोशाचं पान न उलटता.

म्हणून डिक्शनरी फेकून द्या असं अजिबात नाही. अंदाज चुकतात. शब्द तिसऱ्यांदा आला आणि तरी उमगला नाही, किंवा एका शब्दापायी अख्खा प्रसंग अडला, तर जरूर बघा. फक्त प्रकरण संपल्यावर बघा, आणि पहिला अर्थ न उचलता त्या वाक्यात बसणारा शोधा.

वहीबद्दल. मीही दोन रकान्यांची दोनशे पानी वही ठेवली होती. त्यात ‘स्ट्राँग – बलवान’ असं लिहिलेलं आहे. चहा स्ट्राँग असतो, तेव्हा तो बलवान नसतो, कडक असतो. आणि आपलं कडक कुठल्या एका शब्दात उतरेल? कडक ऊन, कडक इस्त्री, कडक उपास, कडक मास्तर. शब्द सोबत्यांसकट राहतात. लिहायचंच असेल तर पुस्तकातलं अख्खं वाक्य लिहा.

रोज वीसचा हिशेब तर कागदावरच बरोबर आहे. २००३ साली जपानमध्ये झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी सोपी गोष्ट वाचली, तिच्यात पंचवीस नवे शब्द पेरले होते. वाचून झाल्या झाल्या त्यांना सरासरी चार-पाच शब्दांचा अर्थ सांगता आला, तीन महिन्यांनी जेमतेम एकाचा. जास्त वेळा आलेले शब्द जास्त टिकले. कुणी म्हणेल, मग पाठांतरच बरं की! पण पाठ केलेलाही शब्द पुन्हा भेटला नाही तर पुसट होतोच. पुन्हा पुन्हा भेटण्याची सोय पुस्तकातच असते, एकामागून एक वाचलेल्या पुस्तकांत.

राहिला अनुवाद. पुलंनी हेमिंग्वेच्या याच कादंबरीचा ‘एका कोळियाने’ हा अनुवाद केला आहे. तो आधी वाचला तर पुढे काय होतं याची धडपड संपते आणि लक्ष शब्दांकडे द्यायला मोकळं होतं. मी भाचीला तोच आधी दिला, मग मूळ पुस्तक. परवा तिचा मेसेज आला, “मामा, गॅफ म्हणजे मासा ओढून घ्यायचा आकडा ना?” कितव्या पानावर आहेस विचारलं, तर ती अर्ध्याच्या पुढे गेली होती.