८.८चा बोल्ट आणि ६ मिलिमीटरची प्लेट

नमस्कार. इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, म्हणून उत्तरही लांबतंय.

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: पोलादी शेडवरच्या लेखात मी म्हटलं की ४.६ ग्रेडचे (ग्रेड म्हणजे ताकदीचा दर्जा) बोल्ट काढून ८.८चे टाकले म्हणून जोड दुप्पट मजबूत होत नाही. तुमच्या मते हे धादांत चूक, आणि असं लिहून मी स्वस्तातल्या बोल्टची वकिली करतो. शिवाय बोल्ट सैल पडतात, त्यापेक्षा सरळ वेल्डिंग करावं.

बोल्टची ताकद दुप्पट, यावर वाद नाहीच. ४.६ म्हणजे तुटेपर्यंत ४०० मेगापास्कल ताण, ८.८ म्हणजे ८००. पण मी जोडाबद्दल लिहिलं होतं. तुम्ही दिलेलाच जोड घेऊ: एम२० (२० मिमी व्यासाचा) बोल्ट, ६ मिमीची गसेट म्हणजे जोडपट्टी, २२चं भोक, कडेपासून ३३ मिमी, दोन बोल्टांत ५०. आयएस ८०० : २००७ या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे, आटे कातरण्याच्या पातळीत (दोन प्लेटा एकमेकींवर सरकू पाहतात तिथे) आले तर ४.६चा बोल्ट साधारण ४५ किलोन्यूटन घेतो, ८.८चा ९०. आता प्लेटकडे बघा. बोल्ट भोकाच्या कडेला रेटतो, आणि ई२५० या ग्रेडच्या पोलादाची ती प्लेट ४९लाच हात टेकते. म्हणजे एवढा खर्च करून जोड ४५वरून ४९वर आला!

तेच भोक कडेपासून ४५वर न्या आणि बोल्टांतलं अंतर ६० करा. प्लेट ६५पर्यंत जाते. मग खुशाल ८.८ वापरा, पैसे वसूल होतील. आणि पूर्ण आट्यांचा बोल्ट मारण्याची आपल्याकडची सवय सोडली, गुळगुळीत दांडा कातरण्याच्या पातळीत आला, तर ४.६चाच बोल्ट ५८ देतो. हे कोणी बघत नाही.

एक मुद्दा मात्र तुमच्या बाजूचा आहे. बोल्ट कातरला तर फटकन जातो. भोक आधी लांबट होतं, ते डोळ्यांना दिसतं. प्लेट आधी दमावी म्हणून जाणूनबुजून ८.८ घेत असाल तर माझी काहीच हरकत नाही.

'बोल्ट टिकला की जोड टिकला' या तुमच्या वाक्यावर मात्र अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीची आठवण करून देतो. १७ जुलै १९८१ रोजी तिथल्या हयात रीजन्सी हॉटेलातले टांगते पूल कोसळून ११४ माणसं गेली. मूळ आराखड्यात दोन्ही पूल एकाच अखंड सळईला टांगायचे होते. पुढे तिच्या जागी दोन सळया आल्या, खालचा पूल वरच्या पुलाच्या तुळईला लटकला आणि त्या तुळईखालच्या नटावरचा भार दुप्पट झाला. सळई तुटली नाही. दोन चॅनेल (इंग्रजी सी आकाराचे पोलादी भाग) तोंडाला तोंड लावून वेल्ड केलेली तुळई उसवली आणि नट, वॉशर तिच्यातून आरपार निघाले.

वेल्डिंगबद्दल एवढंच: वर्कशॉपमध्ये जरूर करा. चाळीस फुटांवर, वाऱ्यात, डोक्यावरच्या सांध्याला मारलेल्या वेल्डचा मला भरवसा नाही. तिथे बोल्ट नीट आवळलाय का, हे निदान पान्हा लावून तपासता येतं.

तुमच्या दुसऱ्या शेडच्या कॉलम-राफ्टर जोडाची प्लेट किती जाडीची आहे, ते लिहिलं नाहीत. जाडी आणि कडेचं अंतर कळवा, आकडे मांडून देतो.