बोटभर जागा म्हणजे सैल बूट नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

वय बासष्ट असल्याचं तुम्हीच लिहिलंत, म्हणून काका म्हणते. ट्रेल (डोंगरवाटांवरचं धावणं) आणि ट्रायथलॉन (पोहणं, सायकल, धावणं अशी सलग शर्यत) यांच्या बुटांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही चांगलं पानभर लिहिलंत. त्याला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसेना, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काकांचं म्हणणं असं, की अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा हा माझा सल्ला चुकीचा आहे. बूट पायाला घट्टच हवा, नाहीतर पाय आत सरकतो आणि फोड येतात. अबेबे बिकिला आणि आपले शिवनाथ सिंग हे मॅरेथॉनपटू अनवाणी धावले, काका स्वतः कॉलेजात असताना कॅनव्हासच्या बुटांत इंदूरजवळची रालामंडलची टेकडी चढायचे, तेव्हा हे सगळं खूळ कंपन्यांनी काढलेलं आहे. पायाची कमान (तळव्याखालची पोकळी) बघून बूट निवडावा ही मूळ गोष्टच मी लिहिली नाही. नख काळं पडणं ही धावणाऱ्याची खूण आहे, तिचा बाऊ करू नये. आणि शेवटचं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं : काकांची पुतणी पहिल्या ट्रायथलॉनची तयारी करते आहे, शिवाय डोंगरातही धावते, आणि माझा लेख वाचून ती बुटांचे दोन जोड मागते आहे.

बिकिलापासून सुरुवात करते. १९६० साली रोमला तो अनवाणी धावला आणि मॅरेथॉन जिंकला, हे खरंच. पण त्याने बूट का काढले? तिथे मिळालेल्या बुटांपैकी एकही जोड त्याच्या पायाला नीट बसेना, आणि अनवाणी धावायचा सराव होताच, म्हणून त्याने ते बाजूला ठेवले, असं सांगितलं जातं. चार वर्षांनी टोकियोला त्याने बूट घालून पुन्हा सुवर्णपदक मिळवलं. न बसणाऱ्या बुटापेक्षा बूट नसलेला बरा, एवढंच मला यातून दिसतं, आणि माझा लेख त्याच्या विरुद्ध जात नाही. शिवनाथ सिंगांचं १९७८ सालचं जालंधरचं २ तास १२ मिनिटं आठवलं की माझेही हात जोडले जातात. मात्र तो पाय लहानपणापासून जमिनीशी खेळून घडलेला होता. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले होते : पायांत काही घालणाऱ्या मुलांमध्ये सपाट पावलं ८.६ टक्के, अनवाणी वावरणाऱ्यांमध्ये २.८ टक्के. तुमची पुतणी इंदुरात वाढली, बारा वर्षं शाळेचे काळे बूट घालून. तिला एकदम अनवाणी डांबरावर उतरवणं हा तिच्या घोट्यांवर आणि पिंढऱ्यांवर अन्याय होईल.

आता मुख्य मुद्दा, बोटभर जागेचा.

घट्ट आणि सैल हे शब्द आपण सगळ्या बुटाला एकदम लावतो, तिथे घोटाळा होतो. बुटाचे तीन भाग वेगवेगळे तपासायचे असतात. टाच हलता कामा नये. पायाच्या वरच्या उंचवट्यावर, म्हणजे जिथे लेस बांधतो तिथे, बुटाने पाय चांगला धरून ठेवला पाहिजे. आणि चवड्यापासून पुढे बोटांना पसरायला मोकळीक हवी. धावताना अंगाचं ओझं चवड्यावर आलं की पाऊल लांबतंही आणि रुंदावतंही, आणि तासाभराच्या धावण्याने उष्णतेमुळे सुजतं. उतारावर तर प्रत्येक पावलाला पाय पुढे ढकलला जातो. पुढे जागा नसेल तर तो धक्का अंगठ्याचं नख झेलतं.

फोड येतात ते कातडी आणि आतलं हाड यांची हालचाल पुन्हा पुन्हा वेगवेगळी होते तेव्हा, आणि घामाने कातडी मऊ झाली असेल तर लवकर येतात. म्हणून टाच हलली की टाचेला फोड येतो, आणि बोटं आवळली गेली की बोटांच्या मधे येतो. तुम्ही म्हणता तो सरकणारा पाय मीही पाहिला आहे, पण तो पुढच्या जागेमुळे सरकत नाही, मागची पकड सुटल्यामुळे सरकतो. बुटाला घोट्याजवळ एक जास्तीचं भोक असतं, बहुतेक लोक ते रिकामंच सोडतात. लेस त्याच बाजूच्या त्या शेवटच्या भोकातून आत घालून दोन्हीकडे छोटा फासा करा, समोरच्या बाजूची लेस त्या फाशातून काढा आणि मागे ओढून बांधा. टाच जागच्या जागी बसते. हे करूनही टाच उचलली जात असेल, तर तो बूट तुमचा नाही, मग नंबर काहीही असो.

तुम्ही माझ्या वाक्याचा अर्थ ‘एक नंबर मोठा घ्या’ असा घेतलात. बोटभर म्हणजे साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर जागा, तीही उभं राहिल्यावर आणि सगळ्यात लांब बोटापुढे (कित्येकांचं दुसरं बोट अंगठ्याहून लांब असतं). ती जागा तुमच्या नेहमीच्या नंबरातही मिळू शकते. यूके मापात एका नंबराचा फरक एक तृतीयांश इंच, म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. युरोपी मापात तो दोन तृतीयांश सेंटिमीटर, म्हणजे ६.६७ मिलिमीटर. दोन वेगळ्या पट्ट्या एकमेकींवर बसवायच्या तर कुठेतरी ओढाताण होणारच, आणि प्रत्येक कंपनीचा फर्मा (बूट ज्यावर घडवतात तो साचा) वेगळा तो वेगळाच. आपल्याकडच्या दुकानांत अर्धे नंबर सहसा नसतात, त्यामुळे आठ घट्ट आणि नऊ सैल ही तक्रार जन्माची. म्हणून आकडा विसरा आणि इनसोल, म्हणजे बुटातली सुटी गादी, बाहेर काढा. दुकानात उभ्याने त्या इनसोलवर पाय ठेवा. पुढे किती जागा उरते ते दिसतं, आणि त्याहून मोलाचं म्हणजे करंगळीकडची बाजू इनसोलच्या बाहेर सांडते का तेही दिसतं. सांडत असेल तर लांबीत मोठा बूट घेऊन उपयोग नाही, तो रुंदीलाच कमी आहे.

आणि रुंदी हेच आपलं खरं दुखणं आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांचे पाय त्रिमितीय स्कॅनरने मोजले. सरासरी भारतीय पाऊल युरोपीय आणि अमेरिकी पावलापेक्षा रुंद असतं, असं त्यात आढळलं. त्यावरून ‘भा’ नावाची आपली स्वतःची मापपद्धतही सुचवली गेली. आपण मात्र पिढ्यान् पिढ्या परक्या फर्म्यावरचे बूट घेतो, चवडा आवळतो म्हणून नंबर वाढवतो, मग टाच सुटते, मग लेस करकचून बांधतो आणि पायाच्या वरची शीर दुखते. बायकांचं आणखी कठीण. बायकांचे बूट मुळातच अरुंद बेताचे असतात. त्यांच्यात ज्याला रुंद म्हणतात ती ‘डी’ रुंदी पुरुषांच्या बुटात साधी समजली जाते. तुमच्या पुतणीचा चवडा रुंद असेल तर तिने बिनदिक्कत पुरुषांच्या रांगेतले बूट घालून बघावेत. रंग कोणता, हे रालामंडलच्या चढावर कोणी विचारत नाही.

कमानीबद्दल मी मुद्दामच लिहिलं नाही. ओल्या पायाचा ठसा बघून बूट ठरवायची पद्धत अमेरिकी लष्कराने हजारो नव्या जवानांवर तपासली : एका गटाला कमानीप्रमाणे बूट, दुसऱ्या गटाला सरसकट एकाच प्रकारचे. भूदल, हवाई दल आणि मरीन, तिन्हींकडे दुखापतींत दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. कॅलगरी विद्यापीठाचे बेनो निग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली मांडलं, की धावणारा आपल्या पायाला आरामशीर वाटणारा बूट निवडतो, तेव्हा ती निवडच दुखापतीपासून राखण करत असावी. हा त्यांचा प्रस्ताव आहे, सिद्धांत नव्हे, पण मला तो पटतो. आधीपासून पायाचं दुखणं असेल तर मात्र अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावं, ते काम दुकानदाराचं नाही.

काळ्या नखाचं भूषण मला मान्य नाही, काका. ते नखाखाली साकळलेलं रक्त आहे. बूट आखूड आहे, नाहीतर टाच सुटते आहे, नाहीतर नख वाढलेलं आहे, यांतलं काहीतरी ते सांगत असतं. आपण त्याचं कौतुक केलं की नवीन पोरंपोरी दुखणं सहन करायला शिकतात आणि सहाव्या महिन्यात धावणं सोडून देतात.

तुमच्या कॅनव्हासच्या बुटांविषयी मात्र मनापासून सांगते, कोरड्या दिवसांत रालामंडलच्या रुळलेल्या वाटेला ते पुरत असतील यात मला शंका नाही. तिथे आजही रस्त्यावरचे साधे रनिंग शूज चालतात. प्रश्न येतो पावसाळ्यात, आणि जानापाव, चोरल, पातालपाणीच्या बाजूला. माळव्याची काळी माती भिजली की फुगते आणि सोलला चिकटते. शंभर पावलांत प्रत्येक पायाला पावभर चिखल लागलेला असतो. तिथे सोलखालचे दात नुसते खोल असून भागत नाही, ते एकमेकांपासून लांब असावे लागतात, तरच चिखल आपोआप झडतो. दाट दातांचा सोल भरून सपाट होतो आणि मग घसरणं अटळ. ओल्या काळ्या पाषाणावर उलटं : तिथे खोल दातांपेक्षा मऊ, चिकट रबर जास्त उपयोगी पडतं. उन्हाळ्यात मुरमाड उतारावर तिसरीच तऱ्हा, खडे तळव्याला टोचतात आणि बोटं दगडावर आपटतात, म्हणून पुढे जाड टोपण हवं. जाड गादीचे आणि कार्बन पट्टीचे शर्यतीचे बूट या वाटांवर घालू नयेत. उंचीमुळे ते वाकड्या दगडावर कलंडतात आणि घोटा मुरगळतो.

ट्रायथलॉनचा बूट वेगळा का, याचं उत्तर लेसमध्ये आहे. पोहून, सायकल चालवून आल्यावर तिसऱ्या टप्प्यात लेस बांधत बसायला वेळ नसतो, म्हणून इलॅस्टिकची लेस घालतात आणि पाय नुसता आत सारतात. ही लेस सगळीकडे सारखीच ताणते. मघाशी सांगितलेला फासा इथे काम करत नाही. म्हणजे ट्रेलच्या बुटात थोडी उणीव असली तरी लेसने भरून काढता येते, ट्रायथलॉनच्या बुटाला ती सवलत नाही. त्याची टाच मुळातच बसणारी हवी. शिवाय पाय ओले असतात, पुष्कळजण मोजे घालत नाहीत, आणि वाटेत डोक्यावर ओतलेलं पाणी पायांवरून बुटातच उतरतं. आतली शिवण बोटाने चाचपून बघावी, एखादा टाका जरी उठून लागला तरी दहा किलोमीटरमध्ये तो कातडी सोलतो. ऑलिंपिक अंतरात १.५ किलोमीटर पोहणं आणि ४० किलोमीटर सायकल झाल्यावर १० किलोमीटर धावायचं असतं. गोव्याच्या ७०.३ (हा आकडा एकूण अंतराचा, मैलांत) सारख्या शर्यतीत ९० किलोमीटर सायकलनंतर २१.१. इतक्या वेळाने पाऊल सकाळच्या मापाचं राहिलेलं नसतं, तेव्हा बोटभर जागा इथेही लागतेच.

तर पुतणीला दोन जोड हवेत का? दोन्हींचं काम वेगळं आहे, पण आजच दोन्ही घ्यायची गरज नाही. शर्यत डांबरावर आहे, तर आधी रस्त्याचा चांगला बसणारा जोड घ्या. ज्येष्ठापर्यंत तो रालामंडललाही चालेल. पाऊस लागल्यावर ती डोंगरात जाणारच असेल तर ट्रेलचा घ्या. आलटून पालटून वापरले तर दोन्ही जास्त महिने टिकतात. आणि महाग म्हणजे चांगला बसणारा असं मी कुठेच लिहिलेलं नाही. मागच्या वर्षीचं मॉडेल सवलतीत मिळालं आणि पायाला बसलं तर तेच घ्यावं.

रविवारी इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर सायकल मारून झाली की पाय सुजलेले असतानाच तिने बुटांच्या दुकानात जावं, ती धावताना घालते ते मोजे बरोबर न्यावेत, आणि ट्रायथलॉनला मोजे घालणार नसेल तर तसंही घालून बघावं. दोन्ही पायांत बूट घालावेत, कारण एक पाय बहुधा मोठा असतो, आणि माप त्याचं धरायचं. दुकानाबाहेर थोडं धावू देत नसतील तर दुसरं दुकान बघावं. त्याआधी संध्याकाळी कागदावर उभं राहून, पेन्सिल सरळ धरून दोन्ही पावलांची आखणी करायला सांगा. लांबी आणि चवड्याची रुंदी मिलिमीटरमध्ये इथेच खाली लिहा, म्हणजे रुंद बेताचे कोणते बूट बघायचे ते तिला सांगता येईल.