बाईंनो, एनबीएत मुख्य प्रशिक्षक व्हायचंय? घाई नको!

एनबीए म्हणजे अमेरिकेतली पुरुषांची बास्केटबॉल लीग. तिच्यात ३० संघ आहेत. त्यातल्या एकानेही आजवर कायमस्वरूपी मुख्य प्रशिक्षक म्हणून बाई नेमलेली नाही. म्हणजे जागा शिल्लक आहेत. तेव्हा निवांत तयारीला लागा.

आदर्श म्हणून बेकी हॅमनला समोर ठेवा. १९९९च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, तिला कोणी विचारलं नाही, तरी ती डब्ल्यूएनबीएत, म्हणजे बायकांच्या लीगमध्ये, १६ हंगाम खेळली. २०१३मध्ये गुडघ्याचा लिगामेंट फाटला, तेव्हा घरी न बसता ती सॅन अँटोनियो स्पर्स या एनबीए संघाच्या सरावाला जाऊन बसू लागली. दुखापतीचं नियोजन असं नेमकं हवं! २०१४मध्ये स्पर्सचे मुख्य प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांनी तिला सहायक प्रशिक्षक म्हणून घेतलं. पुढच्याच वर्षी तिने स्पर्सच्या संघाला लास व्हेगासची समर लीग, म्हणजे नवोदितांची उन्हाळी स्पर्धा, जिंकून दिली. एवढ्यावर हुरळून जाऊ नका.

मुख्य प्रशिक्षकाचं काम करायला मिळावं म्हणून एक खात्रीचा उपाय आहे. साहेबांना संताप यायला हवा. ३० डिसेंबर २०२० रोजी लेकर्स संघाविरुद्धच्या सामन्यात पॉपोविच पंचांवर इतके भडकले की दुसऱ्या क्वार्टरमध्येच त्यांना बाहेर काढलं. जाता जाता त्यांनी हॅमनकडे बोट केलं आणि एनबीएच्या नियमित हंगामात प्रथमच एका बाईने संघ सांभाळला. सामना १०७-१२१ असा गेला. इतिहास घडवायला स्कोअरबोर्ड आड येत नाही म्हणा.

आता खरा मुद्दा, अनुभव. तो तुम्हाला लागेलच. जेसन किड या खेळाडूला लागला नव्हता. २०१३च्या जूनमध्ये तो निवृत्त झाला आणि त्याच महिन्यात ब्रुकलिनच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. स्टीव्ह कर (२०१४), स्टीव्ह नॅश (२०२०), जेजे रेडिक (२०२४) या माजी खेळाडूंनी तर मुख्य प्रशिक्षक होण्याआधी एनबीएत सहायकाची खुर्चीही गरम केली नव्हती. स्टीव्ह कर पहिल्याच वर्षी विजेता ठरला, हेही खरं. पण त्याला आधी संधी मिळाली, मग तो जिंकला. तुम्ही हा क्रम लावायला जाऊ नका.

२०२१मध्ये पोर्टलँडच्या संघाने मुख्य प्रशिक्षकपदासाठी हॅमनची मुलाखत घेतली आणि चॉन्सी बिलप्सला नेमलं. सहायक म्हणून त्याच्या गाठीला एक हंगाम होता, हिच्या गाठीला सात. ‘तू फक्त सॅन अँटोनियोत होतीस, मुख्य प्रशिक्षक कधी नव्हतीस’ असं आपल्याला ऐकवलं जातं, हे तिनेच नंतर सांगितलं.

मग स्पर्समधला आठवा हंगाम संपवून ती मुख्य प्रशिक्षक झाली, डब्ल्यूएनबीएच्या लास व्हेगास एसेसची. २०२२मध्ये, पहिल्याच हंगामात विजेतेपद. नंतर २०२३, २०२५.

एवढं करून मुलाखतीला गेलात की विचारतील, ‘बाई, हे सगळं छानच, पण पुरुषांच्या संघाचा अनुभव?’ तुम्ही म्हणाल, आठ हंगाम. ते म्हणतील, ‘हो, पण सहायक म्हणून ना?’