मार्क कमी का पडले, याचं उत्तर रात्रीच्या खोकल्यात शोधा

बाळदमा असलेल्या मुलाचे मार्क घसरले की घरचे आधी क्लास बदलतात. माझं स्पष्ट मत आहे, आधी त्याची रात्र तपासा.

दम्यात श्वासनळ्या पहाटेच्या सुमारास सगळ्यात जास्त आकसतात. रात्री दोन-तीनला खोकल्याची उबळ येते. मूल उठून बसतं, पाणी पितं, डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा उठतं. सकाळी अंगात ताप नसतो, म्हणून शाळेत जातं. हजेरीपटावर ते हजर. पण तिसऱ्या तासाला फळ्यावरचं गणित वहीत उतरवताना मधली एक पायरी गळते, आणि शेरा मिळतो, 'लक्ष देत नाही'. दम्याने बुद्धी कमी होत नाही हो, झोप कमी होते.

त्यात औषधांची भर पडते. सर्दी-खोकल्याच्या बऱ्याच सिरपने गुंगी येते. श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या सिरपने हात थरथरतात, अक्षर बिघडतं, मूल एका जागी बसत नाही. हेच औषध पंपातून (इन्हेलरमधून) दिलं तर फार थोड्या मात्रेत थेट छातीत पोचतं. माँटेल्युकास्ट या दम्याच्या गोळीने काही मुलांना वाईट स्वप्नं पडतात, चिडचिड वाढते. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०२० मध्ये या औषधावर ठळक इशारा छापायला लावला. गोळी सुरू झाल्यावर मुलाचा स्वभाव बदलला तर लगेच डॉक्टरांना सांगा.

'पंपाची सवय लागते' ही भीती मात्र सोडा. रोजच्या पंपात स्टेरॉइड असतं, ते मायक्रोग्रॅममध्ये. सुरुवातीला बहुतेक मुलांना दिवसाला १०० ते २०० पुरतात. उंची साधारण सेंटिमीटरभर कमी भरू शकते, हे खरं आहे आणि ते लपवू नये. पण पंप टाळून दर अटॅकला स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागणं त्याहून वाईट, कारण त्या मिलिग्रॅममध्ये असतात आणि साऱ्या अंगभर जातात.

पंप चालू असूनही खोकला थांबत नसेल, तर डोस वाढवायला सांगण्याआधी मूल पंप कसं घेतं ते बघा. डबी पाच-सहा वेळा हलवायची, स्पेसरला, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ नळीला लावायची, नळीच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटायचे. एकच स्प्रे, मग पाच-सहा शांत श्वास. दुसरा स्प्रे अर्ध्या-एक मिनिटाने, डबी पुन्हा हलवून. दोन स्प्रे एकदम मारले की औषध स्पेसरच्या भिंतीलाच चिकटतं. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुवून तसाच वाळू द्या. फडक्याने पुसला तर स्थिर वीज तयार होते आणि औषध तिथेच अडकतं. रोजच्या पंपानंतर चूळ भरायची. आणखी एक, २०० स्प्रेची डबी संपली तरी फुस्स आवाज येतच राहतो, कारण आत फक्त वायू उरलेला असतो. डबीवर उरलेले स्प्रे दाखवणारा काउंटर नसेल तर सुरू केल्याची तारीख डबीवर मार्करने लिहा.

शाळांना कळकळीची विनंती, गरजेचा पंप, म्हणजे धाप लागल्यावर घ्यायचा साल्ब्युटामॉलचा पंप, ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद ठेवू नका. किल्ली असलेले शिपाईमामा नेमके बँकेत गेलेले असतात. मोठ्या मुलाच्या दप्तरात आणि लहानाच्या वर्गशिक्षिकेकडे तो स्पेसरसकट असायला हवा. धाप लागली तर मुलाला आडवं करू नका, ताठ बसवा. एकेक करून ४ स्प्रे, ४ मिनिटं थांबा, पुन्हा ४. तरीही आराम नाही, वाक्य पूर्ण बोलता येत नाही, बरगड्या आत ओढल्या जातात किंवा ओठ निळे दिसतात, तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत हेच चालू ठेवा.

पीटीच्या तासाला अशा मुलाला कठड्यावर बसवून ठेवणंही मला पटत नाही. धावल्यावर छाती भरत असेल तर डॉक्टरांना विचारून १५ मिनिटं आधी गरजेच्या पंपाचे २ स्प्रे द्या, हळूहळू वॉर्मअप करू द्या आणि मग खेळू द्या. नेहमीच्याच खेळात वारंवार धाप लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही.

आता हे चार प्रश्न, सहा वर्षांवरच्या मुलांसाठी. गेल्या ४ आठवड्यांत दिवसा आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा त्रास झाला? गरजेचा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागला? दम्यामुळे रात्री एकदा तरी जाग आली? खेळ अर्ध्यावर सोडावा लागला? एकाचं जरी उत्तर 'हो' असेल तर सहामाहीच्या आधी डॉक्टरांकडे जा, आणि जाताना पंप व स्पेसर दोन्ही पिशवीत घ्या.