राणीछाप रुपयाला रांगोळी लावू नका

दिवाळी तोंडावर आली की मोबाइलवर हा सल्ला फिरू लागतो: ‘जुनं नाणं काळं पडलं म्हणजे त्यावर मळ साचलाय. चांदीचं असेल तर रांगोळी नाहीतर टूथपेस्ट लावून घासा, किंवा फॉइल आणि खायचा सोडा वापरा. तांब्याचं असेल तर लिंबू-मीठ. पाच मिनिटांत नव्यासारखं होईल, भावही दुप्पट मिळेल.’ यातला एकही मुद्दा टिकत नाही.

‘मळ साचलाय’ इथपासूनच गडबड आहे. मळ बाहेरून येऊन बसतो. हा काळेपणा नाण्याच्याच चांदीतून तयार होतो. राणीछाप रुपयाचं, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा छाप असलेल्या रुपयाचं, वजन ११.६६ ग्रॅम, त्यात ९१.७ टक्के चांदी. हवेतल्या गंधकाच्या वायूशी तिचा संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइडचा पापुद्रा धरतो. तो अगदी पातळ असताना नाणं पिवळसर दिसतं, मग तांबूस-जांभळं, मग निळं, आणि जाड झाल्यावर काळं. म्हणजे पापुद्रा काढला की त्यात अडकलेली चांदीही गेली.

रांगोळीचं म्हणाल तर देवाच्या तबकाला ती ठीक आहे. पण रांगोळी म्हणजे दगडाचं पीठ, आणि त्याचे कण चांदीला ओरखडतात. टूथपेस्टमध्येही घासणारी पूड असतेच. ठसा पडताना धातू मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेघा उमटतात. न वापरलेलं नाणं दिव्याखाली तिरकं धरून फिरवलं की उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो, तो या रेघांमुळे. घासल्यावर हा पट्टा जातो. उरते ती सपाट, सगळीकडे सारखी चकाकी, आणि दहापट भिंगातून पाहिलं तर एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे. जाणता व्यापारी पहिल्या नजरेत हे ओळखतो.

फॉइल-सोड्यात घासावं लागत नाही म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. गरम पाण्यात अ‍ॅल्युमिनियम सल्फाइडमधला गंधक ओढून घेतं आणि चांदी मोकळी होते, इथवर खरं. पण मोकळी झालेली चांदी मूळ जागी तशीच बसत नाही. पृष्ठभाग पांढुरका, निस्तेज होतो. शिवाय काळ्या थराखाली झाकलेले खड्डे उघडे पडतात.

सगळ्यात जास्त नुकसान लिंबू-मिठाने होतं, आणि त्यात बळी जातात शिवराया, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी. तांब्याच्या शिवराईवरचा तपकिरी थर हा तांब्याचा ऑक्साइड असतो. ‘श्री राजा शिव’ ही अक्षरं पुष्कळदा उथळ आणि झिजलेली असतात. खोलगट भागातल्या गडद रंगामुळेच ती वाचता येतात. लिंबाच्या आम्लात तो थर विरघळतो, नाणं कच्च्या गुलाबी रंगाचं होतं आणि अक्षरं पुसट दिसू लागतात. मिठातलं क्लोराइड बारीक छिद्रांत शिरतं ते वेगळंच. मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्यापासून फिकट हिरवी भुकटी धरते. तिच्यातून आम्ल तयार होतं, ते आणखी तांबं खातं, आणि हे चक्र चालूच राहतं. १९४० ते १९४५ च्या रुपयांनाही लिंबू वर्ज्य. त्यांत चांदी निम्मीच आहे, बाकी तांबं, निकेल आणि जस्त. आम्लात हे बाकीचे धातू आधी सुटतात आणि नाण्यावर डाग उमटतात.

राहिला भाव. एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून श्रेणी देणाऱ्या कंपन्यांकडे घासलेलं नाणं पाठवलं तर अंकांत श्रेणी मिळत नाही, ‘डिटेल्स’ (म्हणजे नाणं खरं, पण पृष्ठभाग बिघडलेला) असा शेरा पडतो, आणि संग्राहक त्याला कमीच पैसे देतात. पार झिजलेला, सहज मिळणारा रुपया बहुतेक चांदीच्या वजनावर जातो, तिथे फरक थोडा पडेल. पण वाढ? तिथेही नाही.

मात्र हात लावूच नये, असंही नाही. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेल्या नाण्यावर हिरवट चिकट थर आला असेल, किंवा चिकटपट्टीचा गोंद राहिला असेल, तर तो काढलाच पाहिजे. त्यासाठी शुद्ध अ‍ॅसिटोन घ्या. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि सुगंध असतात. काचेच्या वाटीत नाणं बुडेल इतकं ओता, पाच-दहा मिनिटं ठेवा, मग दुसऱ्या वाटीतल्या ताज्या अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून काढा आणि न पुसता वाळू द्या. खिडकी उघडी हवी, आसपास गॅस किंवा निरांजन नको. अ‍ॅसिटोन गोंद काढतो, रंगाला धक्का लावत नाही. नुसती माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा, चोळायचं नाही. हिरवी भुकटी दिसली तर ते नाणं बाकीच्यांपासून लगेच वेगळं करा आणि जतनतज्ज्ञाला दाखवा.

ठेवताना मायलरची (पारदर्शक पॉलिएस्टरची) पाकिटं, सोबत सिलिका जेलची पुडी. रबरबँड मुळीच नको: त्यात गंधक असतो, रुपयावर आडवी काळी रेघ उमटते. नाणं कडेने धरा.

लक्ष्मीपूजनाला मात्र सराफाकडून आजचं चांदीचं नाणं आणा. त्याला पंचामृत घाला, हळद-कुंकू वाहा, हवं तितकं रांगोळीने घासा.