घटनेची तारीख लिहा

मोठी पोस्ट आहे. दुकानाचं शटर अर्धं ओढून लिहायला बसलोय, चुका पोटात घाला.

माझं दापोलीत ई-सेवा केंद्र आहे हे इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक पाहणी, जे म्हणाल ते. नोव्हेंबर उजाडला की पेन्शनरांची रीघ लागते, हयातीच्या दाखल्याला. त्यात फौजी पेन्शनर लांबून ओळखू येतो. कागद प्लॅस्टिकच्या फायलीत तारीखवार लावलेले, वर नंबर आणि रँक, आणि 'बसा' म्हटल्याशिवाय माणूस बसत नाही. फौजी पेन्शन ज्या पोर्टलवर गेली त्याचं नाव 'स्पर्श', आणि नांगर-कोयतीने झिजलेला अंगठा मशीनवर उमटता उमटत नाही. पाच पाच वेळा पुसून लावायला लागतो.

आमचा हा पट्टाच फौजींचा. दापोलीला जुनी माणसं अजून कॅम्प म्हणतात. मंडणगड, खेड, महाड कुठेही जा, वाडीत दोन-चार तरी डिस्चार्ज बुकं, म्हणजे फौजेतून सुटतानाची नोंदपुस्तकं, निघतील. महाड तालुक्यातल्या एका गावाचं तर नावच फौजी आंबवडे.

या नोव्हेंबरात माझ्या चुलत भावाची फाईल माझ्या हातात आली. मोठ्या काकांचा मुलगा, आम्ही दादा म्हणतो. सतरा वर्षं पायदळात होता. त्याला विचारूनच लिहितोय. फक्त नाव टाकू नको म्हणाला.

फायलीत रिलीज मेडिकल बोर्डाचा कागद होता. फौज सोडताना डॉक्टरांचं जे बोर्ड बसतं त्याचा. निदान मनाच्या आजाराचं. अपंगत्व ३० टक्के, आयुष्यभरासाठी. आणि पुढच्या रकान्यात शिक्का मारल्यासारखं एक वाक्य: आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. इंग्रजी आद्याक्षरं जोडून त्याला 'नाना' म्हणतात. आमच्याकडे नाना म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस. इथे नाना म्हणजे चालते व्हा.

म्हणजे साधी पेन्शन मिळते, पण अपंगत्वाचा भाग शून्य. तो भाग १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असतो आणि टक्केवारीप्रमाणे खाली येतो. आजार सेवेमुळे झाला असं मान्य झालं तर २० ते ४९ टक्क्यांच्या मधलं अपंगत्व ५० धरायचं असा नियम आहे. ठरलेली सेवा पूर्ण करून घरी आलेल्यांनाही तो लागू आहे, हे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. तेव्हा दादाचा हिशेब पगाराच्या १५ टक्क्यांचा. एका शब्दावर अडलेला.

आणि तो शब्द अडलाय आणखी एका रकान्यावर. आजार पहिल्यांदा कधी आणि कुठे सुरू झाला? उत्तर: पीस स्टेशन.

फौजेत पोस्टिंग दोन जातीचं, फिल्ड आणि पीस. पीस म्हणजे क्वार्टर, परेड, पोरांची शाळा, संध्याकाळी भाजी आणायला बायकोबरोबर बाजारात. दादा पहिल्यांदा एमआय रूमला, म्हणजे फौजी दवाखान्यात, गेला तो अशा ठिकाणी. रात्री दोनला उठून गॅलरीत उभा राहायचा, कडी तपासायचा, परत येऊन पडायचा, पुन्हा कडी. वहिनीच त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. तीच तारीख कागदावर चढली. त्याआधीची वर्षं जणू कोणी दुसऱ्यानेच काढली.

तर त्याआधीचं सांगतो.

१३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि दोन्हीकडची सैन्यं सीमेवर जाऊन उभी राहिली. ऑपरेशन पराक्रम. दहा महिने उभी होती, युद्ध काही झालं नाही, ऑक्टोबर २००२ मध्ये परत फिरायचं ठरलं. वर्तमानपत्रांच्या लेखी प्रकरण मिटलं. दादा तेव्हा राजस्थानात होता. काम काय, तर सुरुंग पेरायचे. पेरायचे हाच शब्द आहे बघा. आपल्याकडे मृगात भात पेरतात, हे आपल्याच शेतकऱ्यांच्या जमिनीत सुरुंग पेरत होते आणि नंतर तेच उपटून काढत होते. त्यात भानगड ही की वाळू सरकते. नकाशावर जिथे खूण आहे तिथे वस्तू असेलच असं नाही. दादाच्या पायाखाली कधी काही फुटलं नाही. एकदाही नाही. हेच त्याच्या केसचं दुखणं आहे.

पुढे २००३ च्या नोव्हेंबरात काश्मीरमध्ये पाकिस्तानबरोबरच्या ताबारेषेवर शस्त्रसंधी झाली. तोफा गप्प झाल्या. दादा २००४ ते २००६ तिकडेच होता, कुंपणाजवळ, अँबुशला. अँबुश म्हणजे रात्रभर एका जागी पडून राहायचं, हलायचं नाही, खोकायचं नाही, कोणी कुंपण ओलांडतोय का ते ऐकत राहायचं. शस्त्रसंधीने तोफा थांबल्या, घुसखोर थांबले नाहीत. मी त्याला विचारलं, दादा, अर्जात लिहायला काहीतरी प्रसंग सांग ना. चकमक, जखमी मित्र, काहीही. तो बराच वेळ दुकानातल्या लॅमिनेशन मशीनकडे बघत बसला. मग म्हणाला,

"अरे, झालंच नाय काय तर काय सांगू? रोज रातीला कायतरी व्हायचं असायचं, नि सकाळी ते झालेलं नसायचं. दोन वर्षं. मग ते गेलं कुठं?"

मी गप्प. प्रिंटर चालू होता तेवढाच आवाज.

ते कुठे गेलं हे मला माहीत आहे, कारण गेली कित्येक वर्षं मी ते रोज बघतोय. आमच्या पुळणीवर दादा भरतीच्या वेळी जातच नाही. ओहोटी लागली, वाळू ओली आणि घट्ट झाली की जातो, आणि तेही असं की आधी कोणी चाललं असेल तर त्याच पावलांवर पाऊल. कोरड्या भुसभुशीत वाळूत तो पाय ठेवत नाही. सुरूच्या बनातून पाण्यापर्यंत जायला वीस पावलं लागतात, हा अर्धा किलोमीटर वळसा घालून मासे उतरवायच्या वाटेने जातो. शेतात बांध सोडत नाही. लावणीला चिखलात उतरतो, कारण चिखलात, म्हणतो, काही लपत नाही. (लपतं की नाही ते सोडा, त्याच्या मनाला ते पटलंय.)

लोकांना वाटतं असा माणूस फटाक्यांना दचकत असेल. अजिबात नाही. गणपतीत आमच्याकडे सुतळी बॉम्बचा कहर असतो, हा शांतपणे आरतीला टाळ वाजवतो. पावसाळ्यात तर चार महिने पत्र्यावर धो धो चालू असतं तेव्हा पोटभर झोपतो. दसऱ्याच्या आसपास पाऊस जातो, रात्री एकदम निःशब्द होतात, आणि वहिनीच्या पोटात गोळा येतो. आता मार्गशीर्ष संपेपर्यंत हा जागणार.

एक कबुली द्यायची आहे. चार-पाच वर्षांपूर्वी शिमग्याच्या नमनात एका पोराने दादाच्या चालण्याचं सोंग आणलं होतं. एकेक पाऊल मोजून, खाली बघत बघत. मंडप हसला. मीही हसलो. दादासुद्धा हसला. मला तेव्हा सुरुंगांचं काही माहीत नव्हतं, पण विचारावंसंही कधी वाटलं नव्हतं, हे खरं.

आपल्याकडे मनाचं दुखणं म्हणजे एक तर बाहेरचं, नाहीतर 'याला रत्नागिरीला न्या', म्हणजे मनोरुग्णालयात. तिसरी गोष्ट नाही. वहिनीने देवळात कौल लावला होता, उजवा आला. बोर्डाचा डावा. आता दोन कौलांपैकी कोणता मानायचा? मी नास्तिकतेकडे झुकलेला माणूस आहे, पण इथे मी देवाच्या बाजूने आहे.

बरं, सैन्याच्या स्वतःच्या हिशेबातही मन पहिलंच आहे. फिटनेसला ते 'शेप' म्हणतात. त्या इंग्रजी शब्दाच्या पाच अक्षरांतलं पहिलं अक्षर मनाचं, मग कान, हातपाय, शरीराची ताकद, डोळे. भरतीच्या वेळी दादा 'शेप वन' होता, म्हणजे मनापासून डोळ्यांपर्यंत सगळं ठणठणीत. तसं लिहून सही करून घेतलंय. मग सतरा वर्षांनी जे बिघडलं ते कुठून आलं? हा माझा प्रश्न नाही, कायद्याचाच आहे. २०१३ मध्ये धर्मवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेतच झाला असं मानायचं. नसेल मानायचं तर कारण बोर्डाने द्यायचं. जवानावर सिद्ध करण्याचा भार नाही, आणि संशयाचा फायदा त्यालाच. २०२५ च्या मे महिन्यात स्किझोफ्रेनियामुळे घरी पाठवलेल्या एका जवानाच्या बाबतीतही कोर्टाने बजावलं की कारण न देता नुसतं मत लिहिलेला बोर्डाचा कागद चालणार नाही. दादाच्या कागदावर कारणाच्या जागी काय आहे? 'पीस एरिया.' दोन शब्द.

इथे कोणीतरी कमेंटमध्ये म्हणणारच, की फौजेत अपंगत्वाची टक्केवारी काढून घ्यायचा धंदा चालतो. चालतो, थोडाफार. माझ्याच टेबलावर असे कागद आलेत की भुवया वर जातात. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने नवे नियम आणले, त्यामागे हीसुद्धा चर्चा होती. ते नियम त्यानंतर बाहेर पडणाऱ्यांसाठी, दादाला जुनेच लागू. पण मला सांगा, खोटं बोलायचंच असतं तर दादाला एक चकमक रचायला किती वेळ लागला असता? मीच त्याला वाट करून दिली होती. तो म्हणाला, झालंच नाय.

दुसरी कमेंटही माहीत आहे: सियाचीनवाले बघा, ते तक्रार करतात का? सियाचीनवरही २००३ पासून शस्त्रसंधीच आहे. ३ फेब्रुवारी २०१६ ला तिथे सोनम पोस्टवर हिमकडा कोसळून दहा जवान गाडले गेले. शांततेत. चीनच्या सीमेवर ताबारेषेजवळ गोळीबार करायचा नाही असा १९९६ चा लेखी करार आहे, आणि १५ जून २०२० ला गलवानमध्ये आपले वीस जण एकही गोळी न सुटता गेले. तीही शांतताच. ही असली शांतता रात्रभर जागून राखणाऱ्याला, तू तर शांततेत होतास, असं सांगायला जीभ कशी रेटते?

मला यात दोष एकट्या डॉक्टरांचा वाटत नाही. रकानाच चुकीचा आहे. पाय तुटला तर तारीख असते. कुजलेला वासा कोणत्या दिवशी कुजला? तो मोडला ती तारीख सांगता येईल, आणि तो बहुतेक मोडतो उघडीप असताना, कारण पावसात आपण त्याच्याकडे बघतच नाही. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या खात्यात आधी असंच होतं, काय घडलं त्याचा पुरावा आणा. २०१० मध्ये त्यांनी तो नियम सैल केला. शत्रूच्या किंवा अतिरेक्यांच्या हल्ल्याची भीती हेच कारण धरायचं, जवानाची नेमणूक तशा जागी होती ना आणि खात्याचा मानसोपचारतज्ज्ञ दुजोरा देतो ना, एवढं पाहायचं. म्हणजे प्रसंग न विचारता ड्युटी कुठे होती ते विचारायचं. आपल्याला अमेरिकेचं सगळं घ्यायला नको, पण एवढं घ्यायला हरकत नाही. ड्युटीची नोंद तर सरकारच्याच दप्तरात आहे.

दादाला अर्ज करायलाच लाज वाटत होती. भीक मागितल्यासारखं वाटतं म्हणाला. मी त्याला गोपाळबाबा वलंगकरांचं सांगितलं. महाडजवळच्या रावढळचे, १८८६ ला फौजेतून पेन्शनीत निघाले आणि इथेच दापोलीत राहिले. महारांची सैन्यभरती बंद केली म्हणून १८९४ च्या सुमारास थेट इंग्रज सरकारला उद्देशून अर्ज लिहिला. आमच्या मुलखातला पेन्शनर फौजी सरकारला कागद लिहितो ही आजची रीत नाही, आणि त्यांनी कागद लिहिला तो मान खाली घालून नाही. दादा हसला. म्हणाला, त्यांचं अक्षर चांगलं असेल.

आता व्यवहाराचं, कारण ही पोस्ट वाचणाऱ्यांच्याही घरात असे कागद असतील. आधी अपील करावं लागतं, पहिलं आणि दुसरं. तिथे नकार आला तर सशस्त्र दल न्यायाधिकरण, २००७ च्या कायद्याने झालेलं, त्याचं एक खंडपीठ मुंबईला आहे. वर्षं उलटून गेली म्हणून सोडून देऊ नका. पेन्शनचं नुकसान दर महिन्याला चालूच असतं, म्हणून उशीर झालेली केसही घेतात. फक्त मागची थकबाकी बऱ्याचदा तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे बसून राहिलात तितकं गेलं. डिस्चार्ज बुक, बोर्डाचा कागद आणि पेन्शनची ऑर्डर जपून ठेवा, लॅमिनेट करू नका (हे मी, लॅमिनेशनवाला, सांगतोय). फॉर्म भरायचे पैसे मी फौजींकडून घेत नाही, मात्र प्रिंटचे घेतो, कार्ट्रिज फुकट येत नाही.

काल रात्री दादाचं अपील लिहून झालं. मीच नमुना बनवला होता, त्यात सवयीने एक ओळ टाकली होती: घटनेची तारीख. तिथे येऊन दोघंही अडलो. खोडून टाकू म्हटलं तर दादा नको म्हणाला. त्याने डिस्चार्ज बुक उघडलं, चष्मा लावला आणि दोन्ही पोस्टिंगच्या तारखा मला सांगितल्या, पासून, पर्यंत. राजस्थानचे दिवस एका ओळीत, ताबारेषेचे दुसऱ्या ओळीत. मी टाईप केल्या. पुढे घटनेचं वर्णन होतं. तिथे त्याने सांगितलं तसंच घातलं: ड्युटी केली.

तीन प्रती काढल्या. वहिनी दारात उभी होती, म्हणाली, "भावजी, आणखी एक झेरॉक्स काढा."

कशाला विचारलं, तर म्हणाली देवळात ठेवते, गाऱ्हाणं घालायला.